आबांची सात मिनिटं

मी आणि आमच्या दुकानावरचं घड्याळ एकाच महिन्यात जळगावच्या त्या घरात आलो. आधी घड्याळ आलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची कित्येक वर्षं माझ्या सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, की आम्ही सून बघायला गेलो आणि घड्याळ घेऊन आलो. खरं उलट होतं. आबा, म्हणजे माझे सासरे, धुळ्याला लिलावाला आले होते. घड्याळ त्यांना आवडलं, आणि मी त्यांना मागाहून दिसले.

स्वातंत्र्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. धुळ्यातला एक जुना जिनिंगचा कारखाना बंद पडला होता. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्या कारखान्यात टाइमकीपर होते. कामगारांची हजेरी, सकाळ-संध्याकाळचा भोंगा आणि फाटकावरचं घड्याळ अशी तीन कामं त्यांच्याकडे. पहिल्या दोन कामांचा त्यांना पगार मिळे. तिसरं त्यांचं व्यसन होतं. घड्याळ दोन तोंडांचं होतं, भिंतीतून आडवं बाहेर आलेलं, म्हणजे रस्त्यानं येणाऱ्याला एक तोंड दिसे आणि जाणाऱ्याला दुसरं. त्याला धरणारा लोखंडी हात वेलीसारखा वळवलेला, त्यावर पानं, द्राक्षांचे घड, आणि सगळ्यात वर मान ताठ केलेला एक लोखंडी कोंबडा. तबकड्या दुधी काचेच्या, आकडे रोमन, कडेला पितळेची गोल पट्टी. ती पट्टी नाना दर दसऱ्याला चिंचेनं घासत. आईची भांडी घासायला मात्र त्यांनी कधी चिंच हातात धरली नाही, हेही नोंदवून ठेवते.

आबांचं जळगावात भांड्यांचं दुकान. लिलावात तांब्या-पितळेचे नळ, टाक्या मोडीत मिळतात का, हे बघायला ते आले होते. शेवटी घड्याळ पुकारलं गेलं, तेव्हा कुणीच हात वर केला नाही. घरात टांगावं तर घराएवढं, आणि मोडीत घालावं तर त्यात लोखंडच जास्त. आबांनी हात वर केला. का केला, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. नंतर ते म्हणत, की त्या कोंबड्यानं माझ्याकडे पाहिलं.

चावी कशी द्यायची ते विचारायला ते नानांबरोबर आमच्या घरी आले. नानांचा चेहरा मुलगी सासरी धाडताना होतो तसा झाला होता. ते समजावून सांगत होते आणि आबा चावी हातात धरून हवेत फिरवून बघत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवायला बाहेर आले आणि पाहिलं, तर चावी उलटी फिरत होती. माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी म्हटलं, असं फिरवाल तर आठवड्यात स्प्रिंग तुटेल. आईनं आतून कपाळावर हात मारून घेतला असणार. आबांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, दाखव. मी दाखवलं. महिन्याभरात माझं लग्न झालं.

आमचं दुकान बाजाराकडून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. खाली दुकान, वर आम्ही. घड्याळ माडीच्या खिडकीलगत बाहेर बसवलं. खिडकीतून हात घातला की घड्याळाच्या पोटाचं छोटं दार उघडता येई, चावी देता येई, आणि बाजाराकडचं तोंड तेवढं जवळून दिसे. स्टेशनकडचं तोंड बघायला रस्त्यावर उतरावं लागे. ते चढवताना खाली गर्दी जमली होती. सासूबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, दारातून बघत होत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, की घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी नवी सून. घोडं म्हणजे घड्याळ की मी, हे विचारायची सोय नव्हती.

पण घड्याळानं रस्ता बदलला, हे अक्कांनाही कबूल करावं लागलं. धरणगाव, अमळनेरकडची माणसं बाजार करून गाडीला जायची ती आमच्याच दारावरून. डोक्यावर गाठोडं, काखेत मूल, हातात नवी कळशी. रोमन आकडे वाचता येणारा त्यांच्यात विरळा. पण माणसांना आकडे लागतातच असं नाही. वरच्या कोंबड्यावरून त्यांनी घड्याळ पाठ केलं. मोठा काटा कोंबड्याच्या पायाशी आला की निघायचं, भिंतीकडे वळला की पळायचं. बायका एकमेकींना सांगत, काटा भिंतीला टेकायच्या आत ये गं. नानांना मी हे पत्रात लिहिलं, तेव्हा त्यांनी उलट टपाली लिहिलं, की घड्याळ योग्य हाती पडलं. ते वाचून मला घड्याळाचा आणि आबांचा एकदमच अभिमान वाटला. तो फार दिवस टिकला नाही.

एकदा मी काही कामानं रस्त्यावर उतरले आणि सहज दोन्ही तोंडं पाहिली. स्टेशनकडच्या तोंडात पाच वाजले होते आणि बाजाराकडच्या तोंडात पाच वाजून सात मिनिटं. मला वाटलं, प्रवासात यंत्र बिघडलं. धावत वर आले आणि आबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, बिघडलं नाही, मीच लावलं आहे. दुकानापासून स्टेशनपर्यंत ओझं घेऊन चालायला सात मिनिटं लागतात, म्हणून स्टेशनकडे जाणाऱ्याला दिसणारं तोंड सात मिनिटं पुढे. स्टेशनवरून येणाऱ्याला कसली घाई, त्याला खरी वेळ.

मी टाइमकीपरची मुलगी. आमच्या घरी नाना जेवायला बसले तरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बसत. एकाच घड्याळाची दोन तोंडं दोन वेळा सांगतात, हे मला माणसानं तोंडावर एक आणि पाठीमागे एक बोलावं तसं वाटलं. मी तसं बोललेही. शिवाय त्याचा उपयोग तरी काय? गावची नेहमीची माणसं महिन्याभरात हुशार झाली होती. आबांची सात मिनिटं सगळ्यांना ठाऊक होती. काटा बघायचा, मनातल्या मनात सात वजा करायची, आणि कोपऱ्यावर निवांत चहा मारून मग निघायचं. आमच्या घरातही तेच. कुणी वेळ विचारली, की सांगणारा सात कमी करूनच सांगे. मग ही सात मिनिटं नेमकी कुणासाठी, असं मी आबांना विचारलं.

त्यावर आबा म्हणाले, "ज्याले माहीत शे त्यानाकरता नही ते. ज्याले माहीत नही त्यानाकरता शे."

म्हणजे पहिल्यांदाच शहरात आलेला, घाबरलेला, कुणाला विचारायला लाजणारा माणूस. तो वजा करणार नाही. त्याची गाडी चुकणार नाही. मला ते तेव्हा पटलं नाही. मोठी माणसं आपल्या हट्टाला चांगली कारणं देतात, असं वाटलं.

पुढे दोन-तीन वर्षांनी आबांचा उजवा खांदा धरला. हात खिडकीबाहेर जाईना. एका शनिवारी आंघोळ करून आले आणि त्यांनी घड्याळाची चावी माझ्या हातात ठेवली. मुलाला दिली नाही, मला दिली. आमचे हे थोडे हिरमुसले, पण त्यांना घड्याळात रस नव्हता. त्यांना पितळेचा भाव कळे, पितळेची पट्टी कळत नसे. दर शनिवारी सकाळी चावी देणं आणि बाजाराकडच्या तोंडाची सात मिनिटं सांभाळणं हे माझं काम झालं. चावी मी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. ती कमरेला लागे तेव्हा बरं वाटे.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठी लिहायला घेतलं आहे. मी त्या घरात आले तेव्हा ती शाळेत होती. बुद्धीनं तल्लख, बोलायला कमी, आणि हट्टी अशी, की हट्ट करते आहे हे समोरच्याला कळू नये. मॅट्रिक झाली. तिला शिक्षिका व्हायचं होतं. धुळ्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी मुली निवडणार होते, त्यासाठी मुलाखत होती. अक्कांचा साफ नकार. तापीपलीकडे चोपड्याकडचं एक केळीवाल्यांचं घर तिला मागणी घालून बसलं होतं. घर चांगलं, माणसं चांगली, मुलगा निर्व्यसनी. पोरीला नोकरी कशाला, हा अक्कांचा प्रश्न होता आणि त्या काळी त्याला उत्तर नव्हतं. मी त्या घरात कुणासाठी भांडले असेन तर तिच्यासाठी. सहा महिने भांडले. शेवटी अक्का म्हणाल्या, एकदा जाऊ दे. निवड झाली तर शिकू दे. नाही झाली, तर पुन्हा नाव काढायचं नाही, चोपडेकरांना होकार कळवायचा. आबांनी मान डोलावली. एकदाच, असं ठरलं.

मुलाखत शुक्रवारी दुपारी होती. त्या आठवड्यात मंगळवारी नाना धुळ्याहून आले. मुलगी निवडली गेली तर वर्षभर आमच्याच घरी राहील, वसतिगृह नको, हे सांगायला ते एवढ्या उन्हातून आले होते. अक्काही त्या दिवशी जरा पाघळल्या. सगळं जुळून आलं होतं. संध्याकाळी नाना रस्त्यावर जाऊन आपलं जुनं घड्याळ बघत उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते. बराच वेळ त्यांनी मान वर केलेली होती. मग खिशातलं घड्याळ काढलं, पुन्हा वर पाहिलं, आणि वर आले.

रात्रीचं जेवण झाल्यावर ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "सात मिनिटं पुढे आहे. तू असताना?"

मी त्यांना आबांचं म्हणणं सांगू शकले असते. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, एवढंच सांगायचं होतं. पण मला लाज वाटली. बापापुढे मी सासरच्यांची बाजू घ्यायची, तीसुद्धा चुकीच्या घड्याळासाठी? बुधवारी सकाळी नाना निघायच्या आधी मी त्यांचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं, खिडकीतून हात घातला आणि बाजाराकडचा काटा सात मिनिटं मागे आणला. नाना रस्त्यावरून जाताना थांबले, वर पाहिलं, आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला अजून दिसतं. त्यापायी काय गेलं, तेही दिसतं.

सांगायचं होतं. सांगणारच होते. आधी वाटलं, दुपारी सांगू. मग वाटलं, आबा रागावतील, नणंदेचं काम होऊन जाऊ दे, मग सांगू. आणि खरं सांगायचं तर, कुणाच्या लक्षात येतं का, हे बघायची मला गंमत वाटत होती. बुधवार गेला, गुरुवार गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मनातल्या मनात जिंकले होते. बघा, म्हटलं, तुमची सात मिनिटं काढून घेतली तरी जग चाललंच आहे. गुरुवारी संध्याकाळी तिघं-चौघं माणसं गाठोडी सावरत स्टेशनकडे जिवाच्या आकांतानं पळताना दिसली. मी म्हटलं, पळणारे रोजच असतात.

शुक्रवारी सकाळी मी चारला उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. नणंदेनं माझं निळं काठाचं पातळ नेसलं होतं. सोबतीला आमचे हे जाणार होते. चाळीसगावला गाडी बदलून धुळं. ही गाडी चुकली तर तिथे पुढची गाडी दुपारपर्यंत नव्हती. ती सारखी खिडकीशी जाऊन काटा बघत होती. आबांनी दोनदा विचारलं, निघायचं का? ती म्हणाली, वेळ आहे. पिशवी खांद्याला लावून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. चुलीवर चहा उरला होता.

ती म्हणाली, "आजून सात मिनिट शेतस, वहिनी. अर्धा कप दे माले."

मी दिला. तिचा हात थरथरत नव्हता, याचं मला कौतुक वाटलं. मुलाखतीलाही अशीच बसेल, असं मनात आलं. ती बशीत ओतून फुंकर मारून प्यायली, घाईनं नाही. मी समोर बसून तिच्या पातळाच्या निऱ्या नीट केल्या. ती पाया पडली आणि दोघं जिना उतरली. मी कप विसळत होते तेव्हा गाडीची शिट्टी ऐकू आली. कप हातात तसाच राहिला. मी सात मोजायला लागले, एक, दोन, तीन, आणि मग मोजायचं कारण उरलं नाही.

अर्ध्या तासानं दोघं परत आली. फलाटावर पोचली तेव्हा शेवटचा डबा पुढे जात होता. हे तसेच तिला घेऊन मोटारस्टँडवर गेले, पण एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाणारी सकाळची एसटी सुटून गेली होती. दुपारच्या गाडीनं गेली दोघं. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, मुलाखती आटोपल्या होत्या, यादी लागायची होती. तिथल्या कारकुनानं सांगितलं, पुढल्या वर्षी अर्ज करा. नाना सकाळपासून धुळ्याच्या स्टेशनवर होते. प्रत्येक गाडीला उठून डबे बघत होते आणि खिशातलं घड्याळ काढत होते, हे मला यांनी नंतर सांगितलं.

घरी सगळ्यांनी आपापली कारणं लावली. अक्का म्हणाल्या, देवाच्याच मनात नव्हतं. यांचं म्हणणं, गाडी वेळेआधी सुटली असणार. आबा एकदा खिडकीशी जाऊन उभे राहिले. आणि नणंद स्वतःलाच दोष देत होती. म्हणे, मी वजा करताना चुकले. ओट्याशी बसून बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होती. इतकी हिशेबी मुलगी, मॅट्रिकला गणितात पहिली आलेली, सात वजा करताना कुठे चुकले ते शोधत होती. मी तिच्यासमोर भाजी निवडत बसले होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाही.

त्याहून वाईट पुढे केलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, चावी द्यायचा दिवस. मी खिडकीतून हात घातला, चावी दिली, आणि काटा सात मिनिटं पुन्हा पुढे ढकलला. आता कुणी कितीही तपासलं असतं, तरी घड्याळ आबांनी लावलं होतं तसंच होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला त्या आठवड्यात घरात सगळीकडे चांदणं दिसत होतं. कुणी घड्याळाकडे पाहिलं की मी उठून आत जाई.

रोज ठरवत होते, आज सांगू. रविवारी पाहुणे होते. सोमवारी अक्कांचा उपास होता, त्या दिवशी त्यांचा जीव आधीच चिडलेला असतो. मंगळवारी नणंद थोडी हसली, म्हटलं, सावरते आहे, कशाला खपली काढा. बुधवार, गुरुवार कसे गेले आठवत नाही. शुक्रवारी कळलं, की चोपडेकर उद्या येणार आहेत. आणि शनिवारी मी खिडकीत उभी राहून चावी देत असताना खालून, दुकानामागच्या बैठकीतून, सुपारी फुटल्याचा आवाज आला. लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी आबांकडे गेले. ते दुकानात एकटे होते, नव्या घागरींच्या उतरंडीशेजारी. मी चावी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. नानांचं वाक्य, काटा मागे घेतला ते, पुन्हा पुढे केला तेही. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चावी उचलली आणि बराच वेळ अंगठ्यानं तिच्यावरचं तेल पुसत राहिले.

मग म्हणाले, "आठ दिन पहिले सांगानं व्हतं, पोरी. आते शब्द दिधा शे मी."

त्या वेळी दिलेला शब्द मागे घेणं म्हणजे काय, हे आज सांगून पटणार नाही. घरातला माणूस गेला तरच शब्द लांबे, मोडत तरीही नसे. मी आठ दिवसांपूर्वी तोंड उघडलं असतं, तर चूक घड्याळाची होती, मुलीची नाही, म्हणून आबा अक्कांना एक वर्ष थांबवू शकले असते. घड्याळ सात मिनिटं चुकलं होतं. मी आठ दिवस चुकले.

नणंदेलाही मीच सांगितलं. आबा सांगतो म्हणाले, मी नको म्हटलं. ती गच्चीवर कुरडया उलथत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातलं काम न थांबवता. मग मान वर केली आणि विचारलं, "तो अर्धा कप चहा दिधा तवय तुले माहीत व्हतं का?"

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही हो. मला माहीत होतं. काटा मीच हलवला होता, दोन दिवसांपूर्वी. पण ती सात मिनिटं म्हणाली तेव्हा ते माझ्या मनात आलं नाही. घरात चार वर्षं राहून ते वजा करणं माझ्याही अंगवळणी पडलं होतं. मी म्हटलं, माहीत होतं, पण आठवलं नाही.

"बरं," म्हणाली, आणि पुढची कुरडई उलथली.

तुळशीचं लग्न झाल्यावर तिचं लग्न लागलं. ती वाईट घरी पडली असं मी म्हणणार नाही. नवरा समजूतदार, केळीचे मळे, दोन मुलं झाली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची. आमच्याकडे खानदेशात लेकी दिवाळीपेक्षा आखाजीला जास्त येतात. माझ्याशी नीट बोलायची, हसायची, मुलांचे झबले माझ्याकडून शिवून घ्यायची. पण तो विषय तिनं कधी काढला नाही. मी काढायला गेले की म्हणायची, जाऊ दे. मला वाटतं, माफी मागणाऱ्याला रागापेक्षा हे जाऊ दे जास्त छळतं. चावी आबांनी दुसऱ्याच आठवड्यात मला परत दिली. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, आता तूच सांभाळशील. पुढे मी कधी एक मिनिटही इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आणि ते सात मिनिटांचं खोटं मला हळूहळू कळत गेलं. सगळ्या गावाला माहीत असलेलं खोटं हे खोटं राहतच नाही, तो एक करार असतो. कुणाला न सांगता मी जे खरं केलं, तेच त्या रस्त्यावरचं एकमेव खोटं होतं.

सात-आठ वर्षांनी नगरपालिकेनं रस्ता रुंद करायला घेतला. रस्त्यावर आलेले सज्जे, पाट्या, छपऱ्या सगळं काढायचं. आमचं घड्याळही. चार माणसांनी ते खाली उतरवलं आणि दुकानात आडवं ठेवलं. रस्त्यावरून बघताना एवढंसं वाटणारं ते घड्याळ जमिनीवर आडवं पडल्यावर पाहुण्याच्या बैलासारखं सगळी जागा अडवून बसलं. आबा तोवर फार थकले होते. यांनी पितळेच्या पट्ट्या मोडीत घालायचं मनात धरलं होतं, आणि मी काही बोलायच्या आत नणंद बोलली. आखाजीचे दिवस होते, ती आलेली होती. ती आबांना म्हणाली, मला द्या. अक्का हसल्या, की खेड्यात हे कुठे टांगणार? ती म्हणाली, टांगेन. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कमरेची चावी सोडून तिच्या हातात दिली. तिनं ती नीट रुमालात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत कडबा पसरून घड्याळ तापीपार गेलं.

पुढच्या वर्षी, थंडी संपता संपता, मी तिच्या गावी गेले. एसटी गावाच्या तोंडाशी थांबते, आणि थांब्यासमोरच तिचं घर. उतरतानाच मला कोंबडा दिसला. ओसरीच्या खांबाला बळकट कोन ठोकून घड्याळ बाहेर काढलं होतं. एक तोंड गावाकडे, एक तोंड चोपड्याच्या रस्त्याकडे. पट्ट्या चिंचेनं घासलेल्या. खाली परकर-पोलक्यातल्या सात-आठ मुली पाटी-दप्तरं घेऊन गाडीची वाट बघत होत्या. गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पुढं शिकायला चोपड्याला जावं लागे, आणि पोरी पाठवायला आईबाप तयार नव्हते. गाडी चुकली की पोर दिवसभर रस्त्यावर, ही त्यांची सबब. नणंदेनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, की गाडी चुकणार नाही, ते माझ्याकडे लागलं. एका पोरीच्या बापानं मला हे तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. तिनं स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

ती ओसरीवरून उतरून आली. माझ्या हातातली पिशवी घेतली. मी मान वर करून काटा बघणार, तेवढ्यात तिनं माझ्या दंडाला धरलं.

"वहिनी, गावकडलं तोंड सात मिनिट पुढे शे," ती म्हणाली. "तुले आधीच सांगी ठेवस."

तिच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. नव्या माणसाला घराची पायरी उंच आहे हे सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं. मला खूप काही बोलायचं होतं. पण गाडी आली, पोरी चढायला लागल्या, त्यांतल्या सगळ्यात लहानीला तिनं उचलून वर दिलं.

मी म्हटलं, "बरं."